ओळख नको, जामीन हवा

मावशी, नमस्कार.

मी नागपूरची. शाळेपासून बास्केटबॉल खेळले, दोन वर्षं विद्यापीठाच्या संघात होते, मग स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं मास्टर्स करायला अमेरिकेत आले. सध्या मिडवेस्टमधल्या एका डिव्हिजन टू (खेळातल्या दुसऱ्या श्रेणीच्या) कॉलेजात मुलींच्या संघाची ग्रॅज्युएट असिस्टंट आहे, म्हणजे शिकता शिकता कोचांच्या हाताखाली काम करणारी. आठवड्याला पन्नासेक तास तरी जिममध्येच जातात. मे महिन्यात डिग्री हातात येईल. मला कॉलेज कोचच व्हायचंय.

ऑक्टोबरपासून 43 ठिकाणी अर्ज केले. उत्तरं आली दोन, दोन्ही नकाराची. आमच्या असिस्टंट कोच म्हणतात, 'नेटवर्क कर.' गेल्या वर्षी पदरचे पैसे घालून टॅम्पाला गेले, फायनल फोरच्या, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांच्या सामन्यांच्या वेळी कोचेसचं कन्व्हेन्शन असतं तिथे. कार्डं छापून नेली होती. हॉटेलच्या लॉबीत सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते आणि मी कॉफीचा कप धरून खांबापाशी उभी. 11 कार्डं वाटली, एकाचाही मेल आला नाही. दुसऱ्या दिवशी खोलीत बसून आमच्याच संघाच्या सामन्यांची फिल्म कापली.

खरं सांगू? मला हे जमत नाही आणि पटतही नाही. आपल्याकडे संघनिवडीत वशिल्याने आत गेलेल्या मुली मी पाहिल्यात. तेच आता इंग्रजीतून करायचं का? त्यात एका डिव्हिजन वन संघात बिनपगारी जागा मिळेल असं दिसतंय, आणि एका लहान कॉलेजात थोड्या पगाराची. कुठली धरू? व्हिसाची टांगती तलवार आहेच. आणि आई दर रविवारी फोनवर विचारते, 'म्हणजे तू पीटीची बाई होणार ना?'

माझा नेहमीचा अर्जाचा मेल सोबत जोडतेय.

— खांबापाशी उभी

*

खांबापाशी उभ्या असलेल्या मुली,

मावशी म्हणालीस म्हणून तुला 'तू' म्हणते. आधी माझी लायकी सांगते, म्हणजे सल्ला किती मनावर घ्यायचा ते तुझं तुला ठरवता येईल. मी कोच नव्हते. बास्केटबॉलचा चेंडू आयुष्यात हातात घेतला तो स्टोअररूममधली मोजदाद करताना. 1993 ते 2018 अशी पंचवीस वर्षं मी एका डिव्हिजन वन कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटमध्ये हिशेब पाहिले. कोचांची प्रवासाची बिलं, पगाराचे कागद, बसचं भाडं, बाहेरगावच्या सामन्यांना मुलींच्या जेवणाचा भत्ता. मी सांगलीची, आकड्यांत रमणारी. त्या टेबलावरून मुलींच्या संघाचे चार हेड कोच आलेले आणि गेलेले पाहिले. असिस्टंट किती गेले ते मोजायचं मी मधेच सोडून दिलं.

त्यातला एक वसंत ऋतू तुला सांगते. हेड कोचची जागा रिकामी झाली होती. आमचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर कधी नव्हे ते माझ्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले आणि एका बाईंचं नाव घेऊन म्हणाले, 'ही सहा वर्षांपूर्वी आपल्याकडे असिस्टंट होती. पावत्या वेळेवर द्यायची का?' मी म्हटलं, दर सोमवारी सकाळी, एका पाकिटात, तारखेने लावलेल्या, आणि ज्याची पावती हरवली असेल त्याची चिठ्ठी वेगळी. मग त्यांनी दुसरं एक नाव घेतलं. मी काहीच बोलले नाही. माझा चेहरा पाहून त्यांनीही पुढे विचारलं नाही. जागा पहिल्या बाईंना मिळाली. ती माझ्यामुळे मिळाली असं म्हणण्याइतकी मी खुळी नाही, पंधरा ठिकाणी विचारलं असेल त्यांनी. पण त्या पंधरांत बिलं पास करणारी मी होते, हे त्या बाईंना आजही ठाऊक नाही.

आता तुझ्या वशिल्याच्या प्रश्नाकडे येते, कारण तुझं सगळं तिथेच अडलंय.

माझे वडील पतपेढीत क्लार्क होते. कर्ज हवं असेल तर दोन जामीनदार लागत, आणि हप्ते थकले की जामीनदाराच्या पगारातून कापून घेत. त्यामुळे सही करण्यापूर्वी माणूस दहादा विचार करी. सख्ख्या मेहुण्याला जामीन राहायला नकार देणारे आणि शेजारच्या शिंप्यासाठी डोळे मिटून सही करणारे लोक आमच्या घरात चहा पिऊन गेलेत. वशिल्यात शब्द टाकणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. मुलगी संघात गेली, हरली, तरी साहेब साहेबच राहतात. जामिनात स्वतःचा पगार अडकलेला असतो. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये नेटवर्क म्हणून जे चालतं त्यात थोडा वशिलाही आहे, नाही कशाला म्हणू. पण त्याच्या जिवावर कुणी फार वर्षं टिकत नाही. चालतो तो जामीन.

रॉय विल्यम्सचं नाव तुला माहीत असेलच. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका शाळेचा कोच. 1978 मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा कोच डीन स्मिथने त्याला आपल्याकडे अर्धवेळ असिस्टंट म्हणून घेतलं, पगार वर्षाला 2,700 डॉलर. घर चालवायला तो संघाची कॅलेंडरं विकायचा आणि रविवारी स्मिथच्या टीव्ही कार्यक्रमाच्या टेप गाडीत घालून गावोगावच्या स्टेशनांना पोचवायचा. अशी दहा वर्षं गेली. 1988 मध्ये कॅन्सस विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, आणि त्यांचा कोच लॅरी ब्राऊन एनबीएत निघून गेला. स्मिथने कॅन्ससला सांगितलं, विल्यम्सला घ्या. कॉलेजचा हेड कोच म्हणून एकही सामना न पाहिलेला माणूस, आणि गादी चालू वर्षाच्या विजेत्यांची! लक्षात घे, कॅन्सस स्मिथचं स्वतःचं कॉलेज, 1952 च्या विजेत्या संघात तो खेळाडू होता. विल्यम्स आपटला असता तर स्मिथला आपल्याच माणसांत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तरी त्याने शब्द टाकला, कारण दहा वर्षं या माणसाला तो रोज पाहत होता. पुढे पंधरा मोसमांत विल्यम्सने कॅन्ससला चारदा फायनल फोरमध्ये नेलं. त्यानंतर नॉर्थ कॅरोलायनाला परत येऊन तीन विजेतेपदं मिळवली, ती गोष्ट वेगळी.

आता टॅम्पातली तुझी 11 कार्डं आठव. त्या अकरांपैकी एकाने तरी तुला काम करताना पाहिलं होतं का? नाही ना? मग त्यांनी जामीन कशाच्या भरवशावर राहायचं? त्यांनी मेल केला नाही यात तुझा अपमान काही नाही. माझे वडील असते तर त्यांनीही सही केली नसती.

आणि ती लॉबीतली गळाभेट. मलाही सुरुवातीला ते मानभावीपणाचं वाटायचं. मग कागद माझ्याच हातून जायला लागले तेव्हा कळलं. हेड कोचला काढलं की बहुतेक वेळा सगळा स्टाफ एका झटक्यात जातो. तीन असिस्टंट, ऑपरेशन्सची मुलगी, व्हिडिओवाला, सगळ्यांचे शेवटचे पगार मी एकाच दुपारी काढलेत. उन्हाळा संपेपर्यंत ही पाच माणसं पाच राज्यांत विखुरलेली असतात. वर्षाने एकदा फायनल फोरच्या गावी भेटतात आणि गळ्यात पडतात. एकाच दिवशी नोकरी गेलेली माणसं आहेत ती. तू पाहिलंस ते नेटवर्क लॉबीत तयार झालेलं नव्हतं, ते दुसरीकडे कुठेतरी रात्री अकरा वाजता, फिल्मच्या खोलीत, थंड झालेल्या पिझ्झ्यावर तयार झालं होतं. लॉबीत फक्त दिसतं.

मग तुझं कुठे तयार होतंय? तू जिथे पन्नास तास बसतेस तिथेच.

तुझी मुख्य अडचण मला अशी दिसते, की तू मरमर काम करतेस आणि त्या कामावर तुझं नावच नाही. तू कापलेल्या क्लिप्स असिस्टंट कोच दाखवतात. तुझा स्काउटिंग रिपोर्ट, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाचा अभ्यास, हेड कोचच्या नावाने खेळाडूंच्या हातात पडतो. ग्रॅज्युएट असिस्टंटचं तसंच असतं, तक्रार करू नकोस. पण मोसम संपायच्या आत हेड कोचकडे एक गोष्ट माग: एका सामन्याचा स्काउट पूर्णपणे माझ्यावर सोडा. फिल्म मी बघेन, रिपोर्ट मी लिहीन, आणि मुलींसमोर उभी राहून सांगेनही मीच. कॉन्फरन्सचा, म्हणजे तुमच्या गटातल्या कॉलेजांशी होणारा महत्त्वाचा सामना देणार नाहीत, सोपा देतील. तो घे. आणि रिपोर्ट एका पानाचा कर. आमच्याकडे एक उत्साही मुलगा होता, चौदा पानी रिपोर्ट करायचा. छपाईचं बिल माझ्याकडे यायचं म्हणून सांगते, सामना संपल्यावर ती चौदा पानं बसच्या सीटखाली जशीच्या तशी सापडायची. प्रतिस्पर्ध्यांच्या पॉइंट गार्डला, म्हणजे चेंडू खेळवत नेणाऱ्या मुलीला, डावीकडे ढकललं की ती चेंडू सोडते का, बेसलाइनवरून चेंडू आत टाकताना पहिली नजर कुणाकडे जाते, दमल्यावर कोण बचावात मागे परत येत नाही. मुलींना एवढंच लागतं.

ते एक पान तुझ्या हेड कोचच्या लक्षात राहील. उद्या तिला कुणाचा फोन आला तर 'मेहनती आहे, गुणी आहे' यापलीकडे सांगायला तिच्याकडे काहीतरी असेल: 'अमुक सामन्याचा स्काउट तिने एकटीने केला, आणि त्यांच्या नंबर 12 ला आम्ही सहा पॉइंटवर रोखलं.' जामीन राहणाऱ्या माणसाला असं एक वाक्य हाताशी लागतं. ते तू पुरवायचं असतं.

एक सावधगिरी. आपल्या संघाचा रिपोर्ट किंवा प्लेबुक नमुना म्हणून बाहेर कुणाला पाठवू नकोस. घरातलं बाहेर नेणारी म्हणून नाव झालं तर ते कायमचं. नमुना हवा तर टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेला एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) स्पर्धेतला एखादा सामना घे, त्याचा एकपानी रिपोर्ट कर, सोबत सात-आठ क्लिप्स.

आता जामीनदार कोण? तू फक्त वर बघतेयस, मोठ्या हेड कोचांकडे. जरा आडवं बघ. तुमच्या कॉन्फरन्समधल्या बाकीच्या संघांत तुझ्यासारख्याच दहा-बारा मुली आणि मुलगे आहेत. फिल्मच्या देवाणघेवाणीचे मेल तुम्हीच एकमेकांना करता. पाहुणा संघ आला की सरावाची वेळ, टॉवेल, पाणी, लॉकररूमची किल्ली हे बघणारी तूच असणार. पाच वर्षांनी यातले काही जण कोचिंग सोडून विमा विकत असतील, एक-दोन जण हेड कोच होतील आणि पहिला स्टाफ जमवताना त्यांना माणसं आठवतील ती त्या काळातली. तेव्हा किल्ली वेळेवर देणारी मुलगी आठवते, कार्ड देणारी आठवत नाही.

आणि खाली बघ, म्हणजे तुझ्या खेळाडूंकडे. लिसा बॉयर ही नव्वदच्या दशकात व्यावसायिक लीगमध्ये कोच होती. तिच्या संघात एक पॉइंट गार्ड होती, डॉन स्टेली. पुढे स्टेली टेंपल विद्यापीठाची हेड कोच झाली आणि तिने आपल्या जुन्या कोचला असिस्टंट म्हणून बोलावलं. तिथून दोघी साउथ कॅरोलायनाला गेल्या, आणि 2017, 2022, 2024 अशी तीन विजेतेपदं जिंकल्या. जिला तू आज डाव्या हाताने लेअप मारायला शिकवतेयस ती उद्या तुला मुलाखतीला बोलावू शकते. लहान शाळांच्या कोच तर नक्कीच होतील त्यातल्या काही, आणि उद्या तू रिक्रूटिंगला, म्हणजे नव्या खेळाडू शोधायला, गेलीस की त्यांच्याच जिमचं दार ठोठावशील.

ऑपरेशन्स, ट्रेनर, तिकीट खिडकी, बसचा ड्रायव्हर, हिशेबाची बाई... ही यादी मी लांबवत नाही, मला स्वतःची बाजू मांडल्यासारखं होईल. मुद्दा तुझ्या लक्षात आलाय.

तुझा मेल वाचला. विषय 'कोचिंगच्या संधीबाबत'. सुरुवात 'मी अत्यंत मेहनती आणि ध्येयवेडी व्यक्ती असून'. पोरी, असे मेल मी छापून फायलीत लावलेत, गठ्ठ्याने. त्यातला एकही कुणी दुसऱ्या ओळीपलीकडे वाचताना मी पाहिला नाही. शिवाय तुला एक आतली गोष्ट सांगते. बहुतेक जागांना आधी फोन होतात आणि मग जाहिरात निघते. जाहिरात निघावीच लागते, इतके दिवस ठेवावी लागते, नियम आहे. म्हणून तुझे 43 अर्ज. त्यातल्या बऱ्याच जागांवर तू अर्ज केलास तेव्हा माणूस ठरलेला असेल. शिवाय ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळच वांझोटा. हेड कोच हलतात मार्च-एप्रिलमध्ये, त्यांच्या मागोमाग असिस्टंट मे-जूनमध्ये, आणि या सगळ्या हलवाहलवीत लहान कॉलेजांतल्या जागा रिकाम्या होतात जुलै-ऑगस्टमध्ये, शाळा उघडायला दोन आठवडे असताना. तेव्हा तिथला हेड कोच घायकुतीला आलेला असतो आणि ओळखीच्या माणसाने सुचवलेला, 'आजपासून ये' म्हटलं की येणारा कुणीतरी त्याला हवा असतो. जूनमध्ये धीर सोडलास तर ही सगळी खिडकी तुझ्या हातून जाईल.

मेल लिहायचाच तर ज्यांच्याशी तुमचा सामना झालाय त्यांना लिही, आणि तीन वाक्यांत. मी अमुक संघाची जी. ए. (ग्रॅज्युएट असिस्टंट), जानेवारीत तुमच्याविरुद्ध खेळलो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तुम्ही झोन बचावावर गेलात आणि आमचा खेळ दहा मिनिटं बसला, त्या झोनमध्ये तुमची मधली मुलगी कोपऱ्यापर्यंत कशी पोचत होती ते मला फिल्म बघूनही उलगडलं नाही. कन्व्हेन्शनसाठी फिनिक्सला येणार असाल तर दहा मिनिटं भेटाल का? बस. नोकरीचा विषय काढू नकोस, बायोडेटाही जोडू नकोस. कोच माणसाला आपल्या झोनबद्दल कुणी विचारलं की तो मिठाच्या डब्या आणि साखरेच्या पुड्या मांडून टेबलावर पाच खेळाडू उभे करतो. मी किती जेवणं अशी थंड झालेली पाहिली आहेत! शेवटी तोच विचारेल, 'मे महिन्यानंतर काय करणार आहेस?'

तर यंदा फिनिक्सला जा, पण जाण्यापूर्वी अशा पाच भेटी ठरवून जा. पाच नाही ठरल्या, तीन ठरल्या तरी जा. एकही ठरली नाही तर जाऊ नकोस, ते पैसे व्हिसाच्या वकिलाला दे. लॉबीत उभं राहायची काही गरज नाही.

आता बिनपगारी डिव्हिजन वन की थोड्या पगाराचं लहान कॉलेज. हे मी घोळवत नाही: लहान कॉलेज.

मी नोकरीला लागले तेव्हा डिव्हिजन वनमध्ये 'मर्यादित कमाईचे कोच' नावाची एक जमात होती. एनसीएएने 1991 मध्ये नियमच केला होता की या कोचला वर्षाला 16,000 डॉलरपेक्षा जास्त द्यायचं नाही, 12,000 शैक्षणिक वर्षात आणि 4,000 उन्हाळ्यात. मी ते चेक काढलेत. रात्री बारापर्यंत जिममध्ये असणारी बायकामुलांची माणसं होती ती. कोचांनी कोर्टात दावा लावला, 1998 मध्ये वरच्या कोर्टानेही तो नियम बेकायदा ठरवला, आणि पुढच्या वर्षी एनसीएएने 5 कोटी 45 लाख डॉलरवर तडजोड केली. हे सांगायचं कारण एवढंच, की 'या धंद्यात सुरुवातीला फुकट राबावंच लागतं' असं तुला कुणी सांगितलं तर ते काही निसर्गाने घालून दिलेलं नाही. माणसांनी चालवलेलं आहे, कारण फुकट राबणारे मिळतात. रॉय विल्यम्सची कॅलेंडरं मी वर सांगितली खरी, पण तो आपल्या राज्यात, आपल्या देशात होता. तुला दर महिन्याला भाडं आणि डोक्यावर व्हिसा.

दुसरं कारण कामाचं. मोठ्या संघात बिनपगारी माणूस म्हणजे बऱ्याचदा सहा महिने क्लिप्स. 2023 पासून डिव्हिजन वनच्या बास्केटबॉल संघांना तीनाऐवजी पाच असिस्टंट ठेवता येतात, त्यामुळे कोर्टवर उतरण्याच्या जागा वाढल्यात, पण तुला देऊ करतायत ती त्यातली नाही, हे तुझ्या पत्रावरूनच दिसतं. लहान कॉलेजात तू व्हॅन चालवशील, गणवेश धुशील आणि पोस्ट प्लेयर्सना (बास्केटजवळ खेळणाऱ्या मुलींना) रोज चाळीस मिनिटं शिकवशीलही. लिसा ब्लूडर नावाच्या कोचने सुरुवात केली ती आयोवातल्या सेंट अँब्रोजला, एनसीएएतही नसलेल्या कॉलेजात. पुढे ती ड्रेक विद्यापीठात गेली. तिथे तिच्या पहिल्याच वर्षी जॅन जेन्सन नावाची मुलगी शेवटचा मोसम खेळत होती. तीच मग तिची असिस्टंट झाली, तिच्याबरोबर 2000 मध्ये आयोवा विद्यापीठात गेली, 2023 आणि 2024 असे लागोपाठ दोन राष्ट्रीय अंतिम सामने दोघींनी बाकावर शेजारी बसून पाहिले, आणि ब्लूडर निवृत्त झाल्यावर गादी जेन्सनकडे आली. एकाच माणसापाशी तीस वर्षं! आजकालच्या जगात याला कुणी नेटवर्किंग म्हणणार नाही.

तरी दोन्हीकडे हे तीन प्रश्न विचार: मला कोर्टवर शिकवता येईल का, रिक्रूटिंगला बाहेर पाठवाल का, आणि या जागेवर माझ्याआधी कोण होतं, ती आता कुठे आहे? तिसऱ्याचं उत्तर चटकन आलं नाही तर तिला शोधून स्वतः फोन कर. डिव्हिजन वनवाले म्हणाले की गेल्या तिन्ही मुली आज कुठेतरी पगारी असिस्टंट आहेत, तर माझं मत मी मागे घेईन.

व्हिसाचं. इथे मी वकील नाही, पण कागद पुष्कळ पाहिलेत. तू लिहितेस पन्नास तास. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सत्र चालू असताना कॅम्पसवरच्या नोकरीला आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे. उद्याच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा आणि तुझे कुठले तास नोकरीचे धरले जातात, कुठले नाहीत, हे निस्तर. 'सगळेच करतात' हे उत्तर अमेरिकन मुलांना पुरतं, तुला पुरणार नाही. ओपीटीचा, म्हणजे पदवीनंतर काही काळ आपल्या विषयातली नोकरी करायच्या परवान्याचा, अर्ज अभ्यासक्रम संपायच्या 90 दिवस आधीपासून करता येतो, तो आत्ताच कर. त्याचे 12 महिने मिळतात, आणि त्यात एकूण 90 दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. वर मी ऑगस्टपर्यंत थांब म्हटलं ते या नव्वदांत बसवून. कामाची सुरुवातीची तारीख ठरवताना म्हणूनच डोकं लाव. ओपीटी सुरू होण्याआधी दुसऱ्या कॉलेजच्या समर कॅम्पला 'चार दिवस ये, पाचशे डॉलर देतो' असं कुणी म्हटलं तर नाही म्हण. कॅम्प उत्तम जागा आहे, चार दिवस बारा-बारा तास एकत्र काम होतं, पण परवाना हातात आल्यावर.

पुढे एच-1बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. कॉलेजच्या नोकरीसाठी त्याच्या लॉटरीतून जावं लागत नाही, हा तुझा मोठा फायदा. अडचण ही की नुसतं 'असिस्टंट कोच' हे पद, ज्याला ठरावीक विषयाची पदवी लागतेच, अशा व्याख्येत बसवणं कठीण जातं. लहान कॉलेजात कोचला शिकवण्याचं किंवा ऑफिसचं दुसरं काम जोडून देतात, ते तुझ्या विषयाशी जुळणारं असेल तर वकिलाला कागद करायला बरं पडतं. सप्टेंबर 2025 मध्ये 1 लाख डॉलर शुल्काची जी घोषणा झाली ती मुख्यतः देशाबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या अर्जांसाठी आहे, इथल्या इथे व्हिसा बदलणाऱ्यांना ती लागू नाही असं नंतर सरकारने स्पष्ट केलं. पण व्हिसा बदलेपर्यंतच्या काळात नागपूरला लग्नाला वगैरे जाऊन यायचा बेत असेल तर तिकीट काढण्याआधी वकिलाला विचार. बहिणीचं असलं तरी.

राहिली आई. रविवारच्या फोनवर वाद घालू नकोस. तिला सांग, हा खेळ पीटीच्या मास्तरांनीच काढलाय. जेम्स नेस्मिथ, स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत व्यायाम शिकवायचे. 1891 च्या डिसेंबरात, थंडीत पोरांना आत गुंतवायला काहीतरी हवं म्हणून फळांच्या टोपल्या ठोकल्या गॅलरीच्या कठड्याला. पुढे ते कॅन्ससचे पहिले कोच झाले, जिंकले 55 आणि हरले 60. त्या विद्यापीठाच्या पुरुष संघाच्या आजवरच्या कोचांत जिंकण्यापेक्षा जास्त हरलेले ते एकटेच, आणि कोर्टला नाव त्यांचंच आहे. यावर तुझी आई काय म्हणते ते मला कळव.

आणि फिनिक्सला गेलीस तर तुमच्या डिपार्टमेंटकडे प्रवासाचे थोडे तरी पैसे मिळतात का ते आधी विचार. पुष्कळ ठिकाणी कोचेसच्या शिक्षणासाठी वेगळी रक्कम ठेवलेली असते आणि कुणी मागत नाही म्हणून जूनमध्ये परत जाते. मिळाले तर पावत्या सोमवारी सकाळी नेऊन दे. पाकिटात, तारखेने लावून.

— मावशी